ऐरोलीचा काळा चिखल आणि वालुकाश्मातलं युरेनियम

ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटी लागली आहे. खारफुटीच्या मुळांशी फावड्याने चिखलाचा गोळा उलटला की वर तपकिरी पापुद्रा, खाली काळाकुट्ट चिखल आणि कुजक्या अंड्यांचा वास. वर ऑक्सिजन पोचतो, लोह गंजतं. खाली कुजणाऱ्या पानांनी ऑक्सिजन संपवलेला असतो आणि जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवत असतात. दोन रंगांमधली ही रेघ लक्षात ठेवा. वालुकाश्मातलं युरेनियम अशाच रेघेवर साठतं.

इथे मात्र ते सापडणार नाही. पारसिकचा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे युरेनियमच्या बाबतीत कंगालच. ग्रॅनाइटमध्ये ते टनामागे साधारण ३ ते ५ ग्रॅम असतं.

ग्रॅनाइटमधून किंवा ज्वालामुखीच्या राखेतून झिरपणारं पावसाचं पाणी ऑक्सिजन घेऊन येतं. त्यामुळे युरेनियम सहा संयुजेचं होतं (म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं), कार्बोनेटशी जुळतं आणि विरघळून वाहू लागतं. पुढे लागतो वालुकाश्म, त्याच्या वर आणि खाली पाणी न सोडणारे शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचे थर. वाळूत गाडलेलं लाकूड आणि पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) ऑक्सिजन खाऊन टाकतात. मग युरेनियम चार संयुजेचं होतं, पाण्यात टिकत नाही आणि युरेनिनाइट किंवा कॉफिनाइट ही खनिजं होऊन कणांमधल्या फटींत बसतं.

पण मागून नवं पाणी येतच असतं. ते हा साठा पुन्हा विरघळवून थोडा पुढे नेऊन बसवतं. थराच्या मधोमध पाणी वेगात, शेलजवळ मंद. म्हणून उभ्या छेदात साठा चंद्रकोरीसारखा दिसतो. बोअरमधून पिवळा-लाल वालुकाश्म आला तर साठा पाणी वाहत गेलं त्या दिशेला; राखाडी, पायराइट असलेला आला तर आपण त्याच्या पुढे निघून आलो.

साठा शोधायला बोअरमध्ये गॅमा किरणं मोजतात, आणि या मोजणीत नवखा हमखास फसतो. उपकरणाला जाणवणारी गॅमा किरणं मुख्यतः युरेनियमची नसतात, त्याच्या किरणोत्सारी क्षयाच्या साखळीत, रेडियमच्याही नंतर, फार खाली येणाऱ्या बिस्मथ-२१४ ची असतात. युरेनियम पाण्याबरोबर पुढे गेलं आणि रेडियम मागे राहिलं, तर रिकाम्या जागी काटा उसळतो. उलट, नव्याने बसलेल्या साठ्यावर तो गप्प राहतो, कारण बिस्मथ तयार व्हायला वेळ लागतो: साखळीत त्याच्या आधी येणाऱ्या थोरियम-२३० चं अर्धायुष्यच सुमारे ७५ हजार वर्षांचं आहे. तेव्हा बोअरच्या नमुन्याचं रासायनिक पृथक्करण टाळून चालत नाही.

भारतात वालुकाश्मातल्या युरेनियमचा साठा मेघालयात डोमियासियात इथे, क्रिटेशियस काळातल्या (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातल्या) महादेक वालुकाश्मात आहे. झारखंडचं जादुगुडा वेगळं. तिथलं युरेनियम रूपांतरित खडकांत आहे.

कझाकस्तानात अशा चंद्रकोरी खणून काढत नाहीत. बोअरमधून सौम्य सल्फ्युरिक आम्ल सोडतात आणि विरघळलेलं युरेनियम दुसऱ्या बोअरमधून उपसतात. त्यासाठी वाळूतून पाणी वाहायला हवं आणि शेल अखंड हवा, नाहीतर आम्ल दुसऱ्या थरातल्या भूजलात उतरतं. वालुकाश्मात कॅल्साइट जास्त असेल तर तेच आम्ल फस्त करतं, शिवाय तयार होणारं जिप्सम फटी बुजवतं. अशा ठिकाणी बायकार्बोनेट आणि ऑक्सिजन वापरतात.