आण्णांची पद्मिनी: आधी ब्रेक, मग पिकअप

(शेडचं दार उघडतं. धुळीत उजेडाची तिरीप. ताडपत्रीखाली गाडी.)

अकरा वर्षं ही इथंच उभी आहे. शेजारी शेंगांची पोती, वर गळका पत्रा, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं. १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. नंबर अजून तीन अक्षरांचा, एमएच-०९ सुरू व्हायच्या आधीचा. आण्णांनी ही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतली होती. आण्णा गेले आणि गाडी बंद पडली. खरं सांगायचं तर गाडी बंद पडली नाही, आम्ही ती सुरू करणं सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं की ही रस्त्यावर आणायची. आणि नुसती आणायची नाही, थोडी तेजही करायची.

(उद्यमनगरातलं गॅरेज. गाडी टो करून आत येते.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. इथं ओतकाम, लेथ, मिलिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. एखादा पार्ट मिळत नसेल तर नमुना दाखवायचा आणि दोन दिवसांनी परत यायचं. आमचे मिस्त्री सत्तरीचे. आण्णांच्या वेळीही या गाडीचं काम त्यांच्याकडंच होतं. मी त्यांना माझी यादी दाखवली: मोठा कार्बोरेटर, हेडचं काम, नवा एक्झॉस्ट, पाच गिअरचा बॉक्स. त्यांनी ती वाचून घडी घालून खिशात ठेवली.

"बाळ, पळायचं मागनं बघू. आधी ही थांबती का ते बघूया की."

गाडी कुठून आली ते थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीची फियाट ११०० डी साठच्या दशकात तिथं बनू लागली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी या नावानं विकली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. ही बातमी वाचली त्या रात्री मी शेडमध्ये जाऊन ताडपत्री वर करून बघितली होती.

आता बॉनेट उघडूया.

(इंजिन. मिस्त्रींचे हात चारही प्लग काढतात.)

१०८९ सीसी, चार सिलिंडर. ब्लॉक बिडाचा, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अॅल्युमिनियमचं. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी सेल्फ मारणं हा सगळ्यात महागात पडणारा उत्साह. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, त्या तुटतात. म्हणून प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टॉप गिअर टाकून गाडी हातानं पुढं-मागं हलवली. पहिल्यांदा नुसती झुलली. मग आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि फॅन फिरला. मिस्त्री बोलले काहीच नाहीत. फक्त चहा सांगितला.

पेट्रोलची टाकी उतरवली तर आत तांबडा गाळ आणि वार्निशसारखा वास. टाकी धुतली, नळ्या बदलल्या. इथं एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी मनावर घ्यायला हवी. आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं पत्र्याची टाकी आतून गंजते, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून इथेनॉल सोसणारे होज पाइप घातले, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, बदलला, मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. आणि आता गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे आत ओलसर हवेला जागाच कमी.

(ब्रेक ड्रम निघतो. व्हील सिलिंडरचा क्लोजअप.)

हे बघा. चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारे चारही चाकांचे व्हील सिलिंडर आतून गंजलेले. ब्रेक ऑइलसुद्धा पाणी ओढतं, आणि अकरा वर्षांत ते पाणी इथं खाली साचून बसलं. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसत होतं. मी एकटा असतो तर नवं ऑइल भरून गाडी बाहेर काढली असती, आणि पहिल्याच उतारावर पेडल फळीला टेकलं असतं. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून सिलिंडर नवे, रबरी होज नवे, शूंना नवे लायनर, ड्रम लेथवर साफ. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच सर्किटमधून जाणारी रचना असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तुमच्या गाडीत काय आहे ते सायलेन्सरचा आवाज ठरवायच्या आधी खाली वाकून बघा.

पुढच्या चाकांचे किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळी, झिजलेले होते. चाक धरून वर-खाली हलवलं की टकटक ऐकू येत होती. ते बदलले, पाट्यांचे बुश बदलले, प्रत्येक ग्रीस निपलला गन लावली. टायर दिसायला गुळगुळीत झालेले नव्हते, पण बाजूला बारीक भेगा. वय झालेलं रबर. रेडियल घातले.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलंच होतं, त्यामुळं नवं ओढताना हेडलाइटना रिले दिला, म्हणजे बॅटरीचा करंट थेट बल्बला सोडणारा वेगळा स्विच. जुन्या पद्धतीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून जातो आणि बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. रिलेनं तेच बल्ब दुप्पट वाटावेत इतके उजळले. माझ्या यादीत हे नव्हतंच.

(पहिल्यांदा इंजिन सुरू होतं. निळा धूर, मग हळूहळू स्वच्छ.)

इग्निशनचे पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे संपर्क, साफ करून, नवा कंडेन्सर टाकून, एक-तीन-चार-दोन या क्रमानं वायरी लावून गाडी सुरू झाली. मिसिंग होतं, पण ती बोलत होती. आई ओसरीवरून उठून शेडपर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली. तिला मी काही विचारलं नाही.

आता तेज करण्याचा विषय.

इंजिनच बदलून मोठं टाकायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो घेतला नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. विम्याचा प्रश्न वेगळाच. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण चासी, बॉडी आणि इंजिन मोठा फेरबदल न करता राखलेलं हवं. ही गाडी २०३५ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा तिचा हा हक्क माझ्या आजच्या हौसेनं गेलेला मला नको आहे. त्यामुळं माझा नियम एकच: जे करायचं ते परत मूळ जागी आणता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक पार्ट तेल लावून, कागदात गुंडाळून पेटीत.

त्यात पहिलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसतं, बाहेरून कळत नाही. पॉइंट झिजत जातात तसं टायमिंग सरकतं, ती कटकट संपते.

दुसरं हेड. इथं मी रमलो, कबूल करतो.

(उलटं ठेवलेलं हेड. वर पारदर्शक फळी, फळीला भोक, हातात सिरिंज.)

सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान २७२ सीसी. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा मोजायची. व्हॉल्व बसवून, फळीच्या कडेला ग्रीस लावून, सिरिंजनं रॉकेल भरत गेलो. गॅस्केटची जाडी धरून ४२ सीसी भरले. मोजा: २७२ भागिले ४२, अधिक एक. साडेसातास एक कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण साडेसात पट दाबलं जातं. हेड थोडं प्लेन करून, म्हणजे खालून घासून, ही जागा ३८ वर आणली तर आठाच्या जरा वर जातं. तेवढ्यानं खालच्या आरपीएमला ओढ वाढते, जी आपल्या चढणींना हवी असते. पण चार सिलिंडरमध्ये चार वेगळे आकडे येऊन चालत नाही. आमच्याकडं तिसरा दीड सीसीनं मोठा निघाला. आधी तो जुळवायचा, मगच प्लेनिंग. आणि प्लेन केलेलं हेड परत जाड होत नाही, म्हणून मी जुन्या बाजारातून दुसरं हेड आणलं आहे. काम त्याच्यावर. आण्णांचं हेड पेटीत.

पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या आणि धुराच्या वाटा, फार कोरायचे नाहीत. मॅनिफोल्डचं भोक, गॅस्केटचं भोक आणि हेडचं भोक एका रेषेत आलं, पायरी उरली नाही, तरी पुष्कळ झालं. व्हॉल्व सीटना नीट कोन काढले की इंजिनाला श्वास येतो.

डिस्क ब्रेकचं मनात आहे. पण कुठलातरी कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा चिमटा, घरगुती ब्रॅकेटवर वेल्ड करून लावणं मला पटत नाही. त्या ब्रॅकेटवर ९०० किलोच्या गाडीचा थांबण्याचा मोठा भार येतो. पुरं डिझाइन कुणी जाणकार तपासून देईल तेव्हा आरटीओला विचारून. तोवर ड्रमच, पण उत्तम सेट केलेले.

पाच गिअरचा बॉक्स यादीतून मीच खोडला.

कागदपत्रांत दोन महिने गेले. नोंदणी संपलेली, त्यामुळं गाडी दाखवून पासिंग करून घ्यायचं आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीला ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर, विमा, पीयूसी, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी हे वेगळं. हा खर्च गाडी उचलायच्या आधी वहीत लिहा.

(पहाट. पन्हाळ्याचा रस्ता.)

पहिली खरी परीक्षा पन्हाळा. हेड अजून जुनंच आहे, मुद्दाम. मूळ गाडी नेमकी किती चालते हे कळल्याशिवाय सुधारणा मोजणार कशी? वाघबीळ गेलं आणि चढ लागला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मिस्त्रींनी दुसऱ्यात घ्यायला सांगितला. साफ केलेला रेडिएटर, पाण्याऐवजी कूलंट. काटा मध्यावर आला, थोडा वर सरकला, थांबला. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं की सगळं मुसळ केरात, म्हणून माझी नजर रस्त्यापेक्षा त्या काट्यावरच. इंजिनावरचा पेट्रोल पंप तापला तर त्यावर टाकायला ओलं फडकंही घेतलं होतं, आण्णा घ्यायचे तसं. लागलं नाही.

ती चढली. सावकाश, पण एका श्वासात. निम्मा हरवलेला पिकअप नुसत्या दुरुस्तीनंच परत आला होता.

उतरताना पुन्हा दुसरा गिअर, ब्रेक अधूनमधून. पायथ्याशी मिस्त्रींनी गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरले आणि एकेका चाकाच्या मध्याजवळ तळहात नेला. मागची दोन्ही सारखी कोमट. पुढचं उजवं गरम. पुढचं डावं त्याहून गरम.

"हे शू घासतंय. सोमवारी चाक उतरवू."

(मिस्त्री खिशातून घडी घातलेला कागद काढतात. माझीच यादी. तिच्या वर, पेन्सिलीनं, ते लिहितात: पुढचं डावं.)