बारुदीच्या शिंगावर राजाचे प्राणी, समुद्राचे प्राणी

[दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर सावकाश फिरणारं पिवळसर शिंग. बुडापासून टोकापर्यंत कोरीव रेषा.]

ओली बारूद पेट घेत नाही. ठासणीची बंदूक घेऊन जंगलात शिरणाऱ्या माणसाला शत्रूइतकीच भीती पावसाची असायची. म्हणून अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतला शिपाई आपली बारूद बैलाच्या शिंगात ठेवायचा. शिंग भिजत नाही, गंजत नाही, दगडावर आपटलं तरी त्यातून ठिणगी उडत नाही. वजनाला हलकं. खांद्यावरून पट्टा टाकला की त्याचा बाक बरोबर कमरेच्या वळणाला लागून बसतो.

या शिंगांवर शिपाई कोरायचे. आपलं नाव, गाव, साल, किल्ला, नद्या, गलबतं. आणि या सगळ्याच्या मधोमध असे प्राणी, जे त्या जंगलात कुणालाच भेटणार नव्हते: एकशिंगी घोडा, कंगवा आणि आरसा घेतलेली मत्स्यकन्या, पंखांचा ड्रॅगन, वेटोळं घातलेला सागरी सर्प. बाहेर लांडगे होते, अस्वलं होती, हरणं होती. तीही कोरलेली सापडतात. पण चाकू पुन्हा पुन्हा या न पाहिलेल्या प्राण्यांकडे वळत राहिला. तो का वळला, हे सांगणारी ही फिल्म आहे.

[दृश्य : लेक जॉर्जचा नकाशा. दक्षिण टोकाला फोर्ट विल्यम हेन्री, त्याखाली हडसन नदीवर फोर्ट एडवर्ड.]

1754 ते 1763. इंग्लंड आणि फ्रान्स उत्तर अमेरिकेच्या ताब्यासाठी लढत होते. आजच्या न्यूयॉर्क राज्यातली लेक जॉर्ज आणि लेक शॅम्प्लेन ही दोन सरोवरं म्हणजे कॅनडाकडे जाणारा पाण्याचा रस्ता. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी किल्ले बांधले गेले. इंग्लंडहून आलेल्या पलटणींना कागदी काडतुसं मिळायची. वसाहतींतून भरती झालेले लोक, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायरचे शेतकरी, सुतार, मच्छीमार, हे बहुतेक एका हंगामापुरते यायचे आणि येताना आपलं शिंग घेऊन यायचे. लढाई चार दिवसांची, वाट बघणं चार महिन्यांचं. तळावर खंदक खणायचे, झाडं तोडायची, आजारी पडायचं. उरलेल्या वेळात मांडीवर शिंग आणि हातात चाकू.

[दृश्य : हात. उकळतं पाणी. शिंग खरवडणारी काचेची धार.]

शिंग तयार करायची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. आधी उकळत्या पाण्यात ठेवून आतलं हाड सुटं करायचं. मग शिंग पोकळ होतं. रुंद बाजूला लाकडाचं बूड ठोकून बसवायचं, बारीक खुंट्यांनी पक्कं करायचं. टोक कापून त्यात भोक पाडायचं, त्याला लाकडी बूच. मग बाहेरचा खडबडीत थर चाकूनं, काचेच्या तुकड्यानं खरवडत जायचं. इतकं, की शिंग उजेडासमोर धरलं तर आत बारूद किती उरली ते बाहेरून दिसावं.

आता पृष्ठभाग कोरण्याजोगा झाला. चाकूचं टोक किंवा सुई. रेष ओढायची तर चाकू फारसा हलत नाही, डाव्या हातातलं शिंग फिरतं. चूक खोडता येत नाही. रेषा कोरून झाल्या की त्यांत काजळी चोळायची, कधी बारुदीचीच पूड. वरचं पुसून काढलं की काळी रेष तेवढी राहते.

आणि या शिंगात भरलेल्या बारुदीत होतं काय? साधारण तीन चतुर्थांश सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. त्या काळी इंग्रजांचा बहुतेक सोरा बिहारमधून जायचा. पाटणा, छपरा भागातली नोनिया मंडळी खारट माती गोळा करून, पाण्यात विरघळवून, उकळून तो काढायची. 1757 मध्ये प्लासी झाली, आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मीर जाफरकडून मिळवला. फ्रेंचांना सोऱ्याची चणचण, इंग्रजांकडे जहाजं भरून. लेक जॉर्जच्या काठावर जे शिंग कोरलं जात होतं, त्याच्या बाहेर इंग्लंडचा एकशिंगी घोडा होता आणि आत बिहारची माती. हा धागा आपल्याकडे सांगितला जात नाही, आणि तो सांगायलाच हवा असं मला वाटतं.

[दृश्य : शिंगावरचं राजचिन्ह, अगदी जवळून.]

आता त्या एकशिंगी घोड्याकडे नीट बघू.

इंग्लंडच्या राजचिन्हात ढालीच्या एका बाजूला मुकुट घातलेला सिंह असतो, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा. सिंह इंग्लंडचा, एकशिंगी घोडा स्कॉटलंडचा. 1603 मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला आणि दोघे एका ढालीशी आले. या एकशिंगी प्राण्याचं अंग घोड्याचं, दाढी बोकडाची, खूर फाटलेले, शेपटी सिंहाची. गळ्यात मुकुटाचं कडं आणि त्या कड्याला साखळी.

शिंग कोरणाऱ्यासमोर चित्र नसायचं. त्यानं हे राजचिन्ह सरकारी जाहीरनाम्याच्या माथ्यावर छापलेलं पाहिलेलं असायचं, गावातल्या खानावळीच्या पाटीवर पाहिलेलं असायचं, बोस्टनला गेला असेल तर तिथल्या राज्य सभागृहाच्या छपरावर दोन्ही प्राणी उभे पाहिलेले असायचे. आठवेल तसं तो कोरायचा. म्हणून सिंह कधी कुत्र्यासारखा निघतो, कधी माणसाच्या चेहऱ्याचा. कोरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी सिंह पाहिलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीनं सिंह आणि एकशिंगी घोडा दोन्ही सारखेच, ऐकीव. दोघांनाही एकाच आकाराचं, एकाच मेहनतीनं कोरलेलं दिसतं.

ढालीखाली फ्रेंच भाषेतलं ब्रीद असतं: ईश्वर आणि माझा हक्क. फ्रेंचांशी लढणारे हे लोक फ्रेंच ब्रीद कोरत होते, आणि त्यातली अक्षरं वारंवार चुकवत होते. मला त्या चुका फार मोलाच्या वाटतात. छापील चित्रावरून नक्कल करणारा अशी चूक करत नाही. कानानं ऐकलेलं आणि डोळ्यांनी दुरून पाहिलेलं कोरणाराच करतो.

साखळी मात्र चुकत नाही. लहान लहान कड्यांची ओळ घोड्याच्या गळ्यापासून खाली, पायांमधून मागे जाते. वक्र पृष्ठभागावर असं एकेक कडं पुरं करणं किती जिकिरीचं आहे, हे ज्यानं कधी शिंगावर सुई धरली त्यालाच कळेल.

या तळावरच्या कोरणाऱ्यांत एक नाव मोठं आहे. जॉन बुश. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावचा, गुलामगिरीत नसलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय शिपाई. 1755-56 च्या सुमाराला लेक जॉर्जच्या काठी त्यानं सोबत्यांची शिंगं कोरली. त्याची अक्षरं वळणदार, अक्षरांच्या पोटात वेलबुट्टी, ओळीभोवती नक्षीची चौकट. पुढच्या कारागिरांनी ती धाटणी उचलली आणि ती त्या सरोवराच्या परिसराची शैली म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट 1757 मध्ये फ्रेंच सेनापती मोंकाल्मनं फोर्ट विल्यम हेन्री घेतला. बुश पकडला गेला आणि कैदेतच मेला. ज्या देशात बहुतेक कृष्णवर्णीयांना स्वतःच्या नावावर काही ठेवता येत नव्हतं, तिथे या माणसानं गोऱ्या शिपायांची नावं सगळ्यांत देखणी कोरून दिली.

[दृश्य : टोकाकडचा भाग. गलबतं, लाटा, मत्स्यकन्या.]

राजाचे प्राणी हुकमाच्या कागदावरून आले. समुद्राचे प्राणी मात्र घरून आले.

हे लोक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींच्या, किनाऱ्याचे. मत्स्यकन्या त्यांना बंदरातल्या पाट्यांवर दिसायची, पण तेवढंच नव्हे. जॉन जॉसलिन नावाचा इंग्रज प्रवासी 1638-39 मध्ये या किनाऱ्यावर होता. शेजारी जमले असताना त्याला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, आणि त्यानं त्या लिहून ठेवल्या. पहिली केप ॲनची, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका भूशिराची. तिथे खडकावर एक सागरी सर्प जहाजाच्या दोरखंडासारखा वेटोळं घालून पडला होता. बाजूनं नाव चालली होती. नावेतले इंग्रज बंदूक उचलणार, तेवढ्यात बरोबरच्या दोन मूळनिवासी माणसांनी त्यांना अडवलं: जागेवर ठार झाला नाही, तर आपल्या सगळ्यांच्या जिवावर बेतेल.

दुसरी गोष्ट कॅस्को उपसागरातली. शिकारीला निघालेल्या एकाच्या होडीच्या काठावर पाण्यातून मत्स्यपुरुषाचे हात आले. त्यानं कुऱ्हाडीनं एक हात तोडला. तो हात हुबेहूब माणसाचा होता, असं तो सांगत होता.

अशा गोष्टी ऐकत लहानाचे मोठे झालेले लोक जेव्हा शिंगावर मत्स्यकन्या काढतात, तेव्हा ती नुसती शोभेची राहत नाही. मत्स्यकन्या काढलेली दिसते ती बहुधा पाण्यापाशी, गलबतांच्या शेजारी. एकशिंगी घोडा सरकारी आहे, ताठ उभा आहे, समोर बघतो आहे. मत्स्यकन्या मोकळी आहे. तिचे खवले चंद्रकोरीच्या ओळींनी भरलेले, केस सुटलेले. कोरणाऱ्याचा हात इथे सैल झालेला स्पष्ट दिसतो.

शिंगावर ओव्याही असतात, दोन-दोन ओळींच्या. एका ओवीत बारूद बोलते: मी आणि माझा भाऊ गोळी मिळून जग जिंकू. दुसरी चोराला बजावते: हे शिंग चोरू नकोस, मालकाचं नाव वर आहे, लाज वाटेल. ही दुसरी ओवी आणि ड्रॅगन एकाच शिंगावर आले की वाटतं, ड्रॅगनला राखणीलाच बसवलंय.

[दृश्य : मोगल हस्तिदंती रंजकदान. टोकाला हरणाचं डोकं.]

याच सुमाराची आणि त्याआधीची हिंदुस्थानातली हस्तिदंती रंजकदानं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बंदुकीच्या कानावर टाकायची बारीक बारूद त्यांत असायची. त्यांच्यावरही प्राण्यांची गर्दी आहे: एकाच्या तोंडातून दुसरा निघालेला, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा, टोकाला हरणाचं मुख. ते दरबारी कसबी कारागिरांचं काम, खोल उठावाचं, डोळे दिपवणारं. लेक जॉर्जचं शिंग त्याच्यापुढे ओबडधोबड दिसतं. मला तरीही ते शिंगच जास्त जवळचं वाटतं, कारण बारूद भरणारा आणि प्राणी कोरणारा तिथे बहुतेक वेळा एकाच पंक्तीत जेवणारे होते.

[दृश्य : बोस्टन. जुन्या सभागृहाच्या छपराच्या दोन कोपऱ्यांवर सिंह आणि एकशिंगी घोडा.]

मग वीस वर्षांत सगळं फिरलं. 1775 मध्ये वसाहतींनीच राजाविरुद्ध शस्त्र उचललं. बोस्टनला वेढा पडला, वेढ्याच्या छावण्यांत पुन्हा शिंगं कोरली जाऊ लागली. जेकब गे नावाचा कारागीर, ज्यानं आधीच्या युद्धातही शिंगं कोरली होती, तो इथेही कोरत होता. आता शिंगांवर ‘लिबर्टी’ हा शब्द येऊ लागला.

18 जुलै 1776. बोस्टनच्या सभागृहाच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच दिवशी छपरावरचे सिंह आणि एकशिंगी घोडा खाली उतरवले आणि किंग स्ट्रीटवर होळीत जाळले. आज तिथे दिसतात त्या प्रतिकृती. 1882 मध्ये पुन्हा बसवल्या, 1901 मध्ये तांब्याच्या केल्या. 2014 मध्ये सिंहाच्या डोक्यात 1901 ची एक पेटी सापडली.

राजाचे प्राणी असे एका संध्याकाळी गेले. समुद्राच्या प्राण्यांना कुणी जाळलं नाही. 1817 मध्ये केप ॲनवरच्या ग्लॉस्टर बंदरात सागरी सर्प दिसल्याच्या बातम्या इतक्या आल्या, की न्यू इंग्लंडच्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेनं रीतसर साक्षी नोंदवल्या. तोवर बारुदीच्या शिंगाचा जमाना सरत चालला होता. पण सुई आणि काजळी तीच राहिली. देवमाशाच्या शिकारीला जाणारे खलाशी देवमाशाच्या दातांवर कोरू लागले, आणि तिथे मत्स्यकन्या पुन्हा आली.

[दृश्य : जलरंगातली चित्रं. गोल शिंगावरची नक्षी सपाट कागदावर उलगडलेली.]

शिंगांचं पुढे काय झालं? माळ्यावर पडली, कोठारात पडली, काही वारसांनी फेकली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनाजोहरी गावच्या रुफस ग्रायडर या चित्रकला शिक्षकानं उतारवयात ती घरोघर जाऊन शोधली. 1900 मध्ये तो वारला, तोवर त्यानं पाचशेहून जास्त शिंगांची जलरंगात चित्रं केली होती. त्याची युक्ती अशी: शिंगावरची गोल फिरणारी नक्षी कागदावर सपाट उलगडायची, म्हणजे बुडापासून टोकापर्यंत सगळं एका नजरेत. ती चित्रं आज न्यूयॉर्क हिस्टॉरिकल या संस्थेकडे (पूर्वीची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) आहेत. त्यांतली काही शिंगं नंतर कुठे गेली याचा पत्ता नाही. चित्र तेवढं उरलंय.

त्या चित्रांचा आज आणखी एक उपयोग होतो. जुन्या शिंगाला आता चांगली किंमत येते, आणि कोऱ्या जुन्या शिंगावर नवं काम करून विकणारे बरेच झालेत. त्यांचा ओढा नेमका या प्राण्यांकडे, कारण मत्स्यकन्या आणि ड्रॅगन असले की गिऱ्हाईक लवकर भुलतं. जाणकार माणूस अशा वेळी चित्राच्या देखणेपणाकडे बघत नाही. तो शिंगाची आतली बाजू बघतो, जी अंगाला लागून असायची. कोटाला घासून घासून तिथली रेष बोथट झालेली असते, काजळी फिकी पडलेली असते. बाकीचं शिंग झिजलेलं, आणि त्या बाजूचा एकशिंगी घोडा तेवढा करकरीत असेल, तर तो घोडा लेक जॉर्जला कधीच गेलेला नाही.