पावणेतीनशे मीटर लांबून

नमस्कार श्रोतेहो.

आज मी फोटोंबद्दल बोलणार आहे. रानातल्या जनावरांचे फोटो आणि डोंगरांचे फोटो. त्यासाठी आधी तुम्हाला बरंच लांब, अमेरिकेच्या अलास्का राज्यात नेते. तिथून परत आपल्या शिवारात यायचंच आहे, कारण मला जे सांगायचंय ते इथल्या काळविटासाठी आणि इथल्या टिटवीसाठी आहे.

अलास्कात देनाली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. विस्तार सुमारे ६० लाख एकर, म्हणजे २४ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपल्या मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र केले तर त्यांच्या एक तृतीयांशाहून मोठं. एवढ्या मुलखात मोटारीचा रस्ता एकच, ९२ मैलांचा, आणि त्यातला बहुतेक कच्चा. आपली गाडी १५ व्या मैलापर्यंतच नेता येते. पुढं उद्यानाच्या बसनं जायचं. १९७२ पासून ही पद्धत चालू आहे. त्याआधी नवा महामार्ग झाला होता, गाड्यांची रीघ लागणार हे दिसत होतं, आणि रस्ता रुंद करण्याऐवजी त्यांनी गाड्याच अडवल्या. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आपण नेमकं उलट करतो.

उद्यान झालं १९१७ साली. त्यामागं चार्ल्स शेल्डन नावाचा माणूस होता. तो मुळात शिकारी. डॉल मेंढ्या म्हणून तिकडच्या पांढऱ्याशुभ्र रानमेंढ्या असतात, त्यांच्या मागावर तो त्या डोंगरांत आला आणि १९०७-०८ चा अख्खा हिवाळा तिथं राहिला. त्याच्या लक्षात आलं, की खाणकामगारांना आणि पुढं रेल्वेच्या मजुरांना मटण पुरवायला या मेंढ्या अशाच मारल्या गेल्या तर काही वर्षांत एकही उरणार नाही. तेव्हापासून तो उद्यानासाठी झटत राहिला.

उद्यानाच्या मधोमध उभा आहे उत्तर अमेरिकेतला सगळ्यांत उंच डोंगर. उंची ६,१९० मीटर. सरकारदरबारी त्याचं नाव २०१५ मध्ये मॅकिन्लीचं देनाली झालं आणि २०२५ मध्ये परत मॅकिन्ली केलं गेलं. उद्यान मात्र देनालीच राहिलं. मी डोंगरालाही देनालीच म्हणणार, तिथल्या मूळच्या लोकांचं नाव तेच आहे. एव्हरेस्ट याच्याहून पुष्कळ उंच, पण एव्हरेस्ट मुळात पाच हजार मीटर उंचीच्या पठारावरून वर जातं. देनाली पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेपाच हजार मीटर सरळ चढतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याची तिप्पट करा, तरी तो चढ भरून निघत नाही.

आणि हा एवढा डोंगर बहुतेक वेळा दिसतच नाही! स्वतःभोवती ढग जमवून बसतो. उन्हाळ्यात येणाऱ्या दहांपैकी तिघांनाच दर्शन होतं, असं तिकडं सांगतात. अन्सेल अ‍ॅडम्स हे कृष्णधवल निसर्गछायाचित्रणातलं फार मोठं नाव. ते १९४७ च्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन तिथं गेले होते. हवा पावसाळी. एका रात्री वंडर लेक नावाच्या तळ्याकाठी दीडच्या सुमारास ढग वर उचलले गेले. हो, रात्री दीड. तिकडं जून-जुलैत सूर्य मावळतो न मावळतो तोच उगवायला लागतो. त्यांनी मोजकेच फोटो घेतले आणि थोड्याच वेळात शिखर परत झाकलं गेलं. त्यांतला एक फोटो जगभर गेला. खाली काळसर काठ, मध्ये चांदीसारखं तळं, वर उजळलेला डोंगर. तळ्यापासून डोंगर चाळीसेक किलोमीटर लांब आहे. त्या फोटोत जवळ जाण्याचा प्रश्नच नव्हता. होतं ते तयार राहणं.

उजेडाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फोटो म्हणजे शेवटी उजेडच. देनाली ६३ अक्षांशावर आहे, आपण १९-२० वर. आपल्याकडं सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि सरळ खाली उतरतो. सकाळचा कोवळा, तिरपा उजेड आपल्याला तासभर मिळाला तर मिळाला. मग ऊन डोक्यावर येतं, सावल्या आखडतात, जनावराचे डोळे काळ्या खड्ड्यांसारखे दिसायला लागतात. तिकडं सूर्य क्षितिजाला घासत आडवा चालतो. जूनमध्ये तो वीस तासांहून जास्त वेळ वर असतो आणि त्यातला बराच वेळ खालच्या कोनातच. त्यामुळे संध्याकाळचा तो सोनेरी उजेड तासन् तास टिकतो. तिकडच्या फोटोग्राफरला म्हणून वाट बघायला परवडतं. आपल्याला नाही परवडत. आपल्याला दिवस उजाडायच्या आधीच जागेवर बसलेलं असावं लागतं.

माझी भाची अलास्कातल्याच फेअरबँक्स शहरात असते, तिच्यामुळे माझं जाणं झालं. ऑगस्ट अखेरचा काळ होता. तिकडं तेव्हाच हेमंत लागतो. झाडं नसलेल्या उतारांवर, ज्याला टुंड्रा म्हणतात, तिथं गुडघाभर उंचीची बर्चची झुडपं आणि ब्लूबेरी एकदम लालभडक होतात. बसमध्ये पद्धत अशी, की कुणालाही जनावर दिसलं की त्यानं 'थांबा' म्हणायचं. ड्रायव्हर गाडी उभी करतो आणि इंजिन बंद करतो. हात, डोकं, लेन्स, काहीही खिडकीबाहेर काढायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही.

सेबल पास नावाच्या खिंडीत आम्हाला अस्वल दिसलं. ग्रिझली. दीड-दोनशे मीटर वरच्या उतारावर. अंगाचा रंग कडब्यासारखा पिवळट, पाय मात्र गडद. खांद्यावर मांसाचं उंच वशिंड, ते मुळं उकरण्याच्या ताकदीचं. ते ब्लूबेरी खात होतं. एकेक फळ तोडत नव्हतं. डोकं तिरपं करून ओठ फांदीवर ठेवायचं आणि फांदी ओढून घ्यायचं, पानं आणि फळं सगळी तोंडात. मग दोन पावलं पुढं, परत तसंच. थंडी सुरू व्हायच्या आत त्याला अंगावर चरबी चढवायची असते, पुढचे महिने ते गुहेत काहीच खाणार नसतं. एका झुडपापाशी ते खाली बसलं आणि बसल्या बसल्या चरत राहिलं. आम्ही तिथं आहोत याची त्यानं दखलही घेतली नाही.

माझ्या फोटोत ते अस्वल चौकटीच्या जेमतेम विसाव्या हिश्शात आहे. बाकी सगळा लाल उतार, त्यावरून सरकणारी ढगाची सावली आणि वर करड्या दगडांची धार. माझ्या मते तो त्या प्रवासातला सगळ्यांत चांगला फोटो आहे. अस्वल कुठं राहतं, काय खातं, कोणत्या ऋतूत, ते सगळं त्यात आलं. नुसता चेहरा घेतला असता, तर तो प्राणिसंग्रहालयातही मिळाला असता.

सेबल पासला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक मैल माणसानं पाय ठेवायचा नाही, तो भाग अस्वलांसाठी राखलेला आहे. बाकी उद्यानात पायी हिंडता येतं, पण नियम कडक. अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे पावणेतीनशे मीटर लांब राहायचं. इतर जनावरांपासून किमान २५ यार्ड. ही अंतरं का, याचं उत्तर तिथं सगळ्यांना माहीत आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये टोकलाट नदीच्या पात्रात एकटा फिरणारा एक पर्यटक अस्वलाच्या हल्ल्यात मेला. उद्यानाच्या इतिहासातला असा तो पहिलाच मृत्यू. त्याचा कॅमेरा मिळाला. शंभर यार्डांच्या आतून, सात-आठ मिनिटं तो फोटो काढत राहिला होता. फोटोंत अस्वल आपलं आपलं चरत होतं. नंतर ते अस्वलही गोळी घालून मारावं लागलं. एका फोटोच्या मोहात दोन जीव गेले.

आता कॅमेऱ्याच्या दोन गोष्टी, तिकडं आणि इकडं सारख्याच उपयोगी. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. म्हणून चौकटभर बर्फ असला की तो मळकट येतो. तिथं उजेड एक पायरी वाढवायचा. पण काळ्या कड्यावर चार पांढऱ्या मेंढ्या असतील तर उलटं. कॅमेरा कड्याकडं बघून उजेड वाढवतो आणि मेंढ्यांचे नुसते पांढरे ठिपके उरतात. तिथं कमी करायचा. आपल्या तळ्याच्या गडद पाण्यातला बगळा काढताना अगदी हेच. दुसरी गोष्ट लांबच्या लेन्सची. लांबून काढलेला फोटो स्पष्ट येत नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. एप्रिलात दहा वाजल्यानंतर आपली काळी जमीन तापते, गरम हवा वर चढायला लागते आणि दोनशे मीटरवरचं काळवीट त्या हवेतून थरथरताना दिसतं. दोष लेन्सचा नाही, वेळेचा आहे. सकाळी सातला तीच लेन्स लावून बघा.

मग आपल्याकडं काय चाललंय? परभणीच्या, जालन्याच्या, बीडच्या शिवारात काळविटांचे कळप आहेत, रोही आहेत. काळवीट पळताना छान दिसतं म्हणून त्याच्या मागं जीप लावणारे लोक मी पाहिलेत. गाभण मादीही त्या कळपात पळत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, हेही शिकारीतच धरलं आहे. बंदूक हातात असायलाच पाहिजे असं नाही.

जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं पट्टकदंब हंस येतात, मध्य आशियातून, हिमालय ओलांडून. तलवार बदकं येतात, थापट्या येतात. याच जातीची बदकं अलास्काच्या तळ्यांतही घरटी करतात, हे मला तिथं गेल्यावर फार जवळचं वाटलं. तर एवढं अंतर उडून आलेला पक्षी इथं खायला आणि विसाव्याला उतरतो. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून कुणीतरी नाव थव्यात घुसवायची आणि तो थवा सकाळपासून चार वेळा उठवायचा, याला मी फोटोग्राफी म्हणत नाही. पक्षी चरून झाला की आपण होऊन उडतो. तोवर काठावर बसावं.

आणि टिटवी. ही गोष्ट मी कळकळीनं सांगते. मार्च ते मे टिटवी आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, काडीचाही आडोसा नाही. आपल्या उन्हात ती टिटवी अंड्यांवर उबेसाठी बसत नसते, सावलीसाठी बसलेली असते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही मोबाईल घेऊन घरट्यापाशी उभे राहिलात, की ती उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते आणि अंडी बेचाळीस डिग्रीत उघडी पडतात. तुमचा व्हिडिओ होतो, तिचा हंगाम जातो. घरट्याचा फोटो काढूच नका. टिटवी पाण्यावर येते तिथं लांब बसा. पोट भिजवतानाचा फोटो घरट्याच्या फोटोहून कितीतरी दुर्मीळ असतो.

२०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला, आणि २०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंगच्या जंगलात वाघ दिसला. दोन्ही ठिकाणी तो आला ट्रॅप कॅमेऱ्यात, झाडाला बांधलेल्या, आसपास माणूस नसलेल्या. अशा वेळी जागा कळवत सुटू नये. वाघ एकटा असतो, नव्या मुलखात असतो, आणि गर्दी त्याला गावाकडं ढकलते.

ज्यांच्याकडं मोठी लेन्स नाही, त्या मुलामुलींनी मोबाईलवरच सुरुवात करावी. धुऱ्यावर उभं राहून, ज्याचं शेत आहे त्याला विचारून, ज्वारीचं पीक, मागची टेकडी आणि त्यात लहानसा दिसणारा रोह्यांचा कळप, असा फोटो घ्या. पाय दिसले पाहिजेत, सावली दिसली पाहिजे, आणि जनावर ज्या बाजूला चाललंय त्या बाजूला चौकटीत जागा मोकळी सोडा. नाथसागरावर सकाळी पूर्वेच्या काठाला थांबा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आधी काढा. कपडे मातीच्या रंगाचे घाला, आणि उजाडायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा.

नमस्कार.