सहा, आठ आणि दहा

नमस्कार श्रोतेहो!

रामबागेतल्या आमच्या घरावर आम्ही एक खोली चढवली. पहिल्याच दिवशी मिस्त्रीने गच्चीच्या कोपऱ्यात खिळा ठोकला, दोन दोऱ्या ताणल्या, एकीवर 6 फुटांवर खूण केली, दुसरीवर 8 फुटांवर. टेपचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, ज़रा पकड़ना।" तिरकं माप आलं 10 फूट 1 इंच. त्याने नापसंतीने मान हलवली आणि दोरी सरकवली.

एका इंचाने काय बिघडतंय, असं मला वाटलं. रात्री कागद घेऊन बसलो. 6 चा वर्ग 36, 8 चा 64, बेरीज 100, म्हणजे बरोबर 10 चा वर्ग. तिरकं माप, म्हणजे कर्ण, बरोबर 10 फूट आला तरच कोपरा काटकोनात. कर्ण इंचभर वाढला की कोपरा 90 ऐवजी 91 अंशांचा होतो, आणि 12 फुटी भिंतीचं टोक अडीच इंच भलतीकडे जातं! आमच्या खालच्या स्वयंपाकघरात फरशीची शेवटची ओळ एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती आहे. इतकी वर्षं त्याचं खापर आम्ही बिचाऱ्या फरशीवाल्यावर फोडत आलो.

मिस्त्रीने 3, 4, 5 न घेता त्याची दुप्पट का घेतली, तेही तेव्हाच उमगलं. लहान त्रिकोणात त्याच एका इंचाने कोपरा दोन अंश बिघडला असता.

हे दोरीचं काम फार जुनं. शुल्ब म्हणजेच दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी 3 आणि 4, 12 आणि 5, 15 आणि 8, 7 आणि 24 अशा जोड्या दिल्या आहेत. त्यांचा कर्णही पूर्ण आकड्यात येतो, वर्गमूळ काढायची कटकटच नाही. मिस्त्रीलाही तेच हवं असतं.

शिडीच्या बाबतीत मात्र सावध राहा. पुस्तकात 13 फुटी शिडी भिंतीपासून 5 फुटांवर ठेवतात, ती 12 फूट उंच पोचते. उत्तर अचूक, पण एवढी तिरकी शिडी गुळगुळीत फरशीवर सरकू शकते. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शावर हवा, म्हणजे 12 फुटांना 3 फूट. इथे 3, 4, 5 सारखं पूर्ण आकड्यांचं त्रिकूट जुळत नाही. शिडी सव्वाबारा फुटांहून थोडी जास्त लागते. आणि हो, खाली धरायला कुणीतरी उभं करा.