छातीजवळची बोटं

[दृश्य: पाचवीचा वर्ग. फळ्यावर १/२ + १/३]

"कळलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. ज्याला आलं तोही आणि ज्याला नाही आलं तोही. अंगठा वर-खाली करायला लावलं तरी फार फरक पडत नाही, कारण चुकीची रीत पक्की बसलेल्या मुलाचा अंगठा बिनधास्त वर जातो. म्हणून मुलाचं मत विचारायचं नाही, उत्तर मागायचं.

फळ्यावर तीन पर्याय लिहा. पहिला २/५, दुसरा ५/६, तिसरा २/६. पर्यायाचा जो क्रमांक, तेवढी बोटं. येत नसेल तर बंद मूठ. मूठ हवीच, नाहीतर मूल अंदाजाने बोटं दाखवतं आणि शिक्षक फसतो.

[दृश्य: मुलं वहीत आकडेमोड करताहेत]

आता पंधरा-वीस सेकंद गप्प राहायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते.

मग, "एक, दोन, तीन, दाखवा!" सगळे हात एकदम, आणि छातीशी. हात डोक्यावर गेले की मागच्या बाकांवरची मुलं पुढच्यांची बोटं पाहून आपली बदलतात. शिक्षकाने रांगेरांगेने नजर फिरवायची, चेहरा मात्र कोरा ठेवायचा.

[दृश्य: बोटांचे जवळून चित्रण]

खरी मेहनत पर्याय निवडण्यात आहे. एक बोट म्हणजे मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. तीन बोटं म्हणजे छेद समान केला, पण अंश होते तसेच ठेवले. दोन्ही चुका, पण उपाय वेगळे.

एक बोटवाल्यांना कागदाची पट्टी द्या. अर्धी रंगवा, तिच्यात अजून भर घालायची आहे. मग उत्तर २/५, म्हणजे अर्ध्याहूनही कमी, कसं येईल? तीन बोटवाल्यांना तीच पट्टी सहा समान भागांत दुमडू द्या. अर्ध्यात तीन भाग, एकतृतीयांशात दोन. ते त्यांनी स्वतः मोजायचे.

चाळीसपैकी दहा-बारा हात चुकले असतील, तर पुढचा पाठ थांबवावाच.

[दृश्य: फळ्यावर १/२ + १/४]

पाच मिनिटांनी नवं उदाहरण, बरोबर उत्तराचा क्रमांक बदलून. पुन्हा शांतता. "एक, दोन, तीन, दाखवा!"