‘तंटा मिटला’ म्हणजे काय?

मंडळी, नमस्कार. पुढच्या रांगेत सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीची मंडळी बसली आहेत, आणि बाया सगळ्या मागे, दाराशी दाटीनं बसल्या आहेत. मला दोघांशीही बोलायचं आहे, त्यामुळे बायांनो, तुम्ही जरा पुढे सरका. सतरंजी रिकामीच आहे.

मी तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नवीन वकील होते तेव्हाची गोष्ट सांगते. एक बाई आली. उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि शंभराच्या स्टँपवर लिहिलेला एक कागद. त्यावर लिहिलं होतं, ‘आमच्यात किरकोळ कारणावरून वाद झाला होता. तो पंचांसमक्ष आपसात मिटला असून माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.’ खाली तिचा अंगठा. पाच साक्षीदार, पाचही पुरुष. कागदावरची तारीख आणि हात मोडल्याची तारीख मी ताडून पाहिली. हात मोडला तो कागद झाल्यानंतर बावीस दिवसांनी.

मी विचारलं, ‘किरकोळ’ हे कोणी लिहिलं? ती म्हणाली, “मला कुठं वाचून दाखवलं ताई? इथं लाव म्हणाले, लावला.”

गावाच्या रजिस्टरात त्या वर्षी मिटलेल्या तंट्यांमध्ये एक आकडा वाढला होता. तो आकडा हिचा.

ही गोष्ट मी अनेक वर्षं सांगते आहे, आणि दरवेळी कोणीतरी विचारतं की मग गावात तंटे मिटवूच नयेत का? जरूर मिटवावेत. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली, आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, वाटणीवरून दोन-दोन पिढ्या कोर्टात घालवलेली माणसं या मोहिमेमुळे एका पंगतीत बसलेली मी पाहिली आहेत. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंना जमीन असते, आवाज असतो, चार भावकीची माणसं असतात. दोघंही एकेक पाऊल मागे येऊ शकतात. मार खाणारी सून आणि मारणारा नवरा यांच्यात मधली जागा कोणती? एका पावलानं तिनं मागे यायचं म्हणजे काय करायचं? थोडा मार चालवून घ्यायचा? बैठकीत नेमकं हेच ठरतं, फक्त शब्द गोड असतात. ‘पोरी, तूही जरा समजून घे. त्याला राग लवकर येतो.’

तुमच्यापैकी कोणी वाईट हेतूनं असं बोलत नाही, हे मला माहीत आहे. घर मोडू नये, पोरं उघड्यावर पडू नयेत, हीच धडपड असते. पण घर टिकवायची सगळी किंमत एकाच माणसाकडून वसूल होत असेल तर त्याला मिटवणं म्हणता येत नाही. तिचं तोंड बंद झालं, एवढंच त्यातून घडलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९ ते २०२१ची पाचवी फेरी आपल्याला काय सांगते पाहा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. सुमारे ७७ टक्के बायांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे तुमच्या बैठकीपर्यंत जी पोचते, तीच मुळात फार थोड्यांतली एक असते. तिनं किती रात्री काढून, किती वेळा उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरून हे पाऊल उचललं असेल, ते लक्षात घ्या. तिला पहिल्याच दिवशी ‘मिटवून घे’ म्हटलं की ती दुसऱ्यांदा येत नाही. तिच्या शेजारची तर येतच नाही.

आता थोडं मागे जाते, कारण गप्प बसण्याचा अर्थ कोण लावतं हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातूनच देशापुढे आला. मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. एक कोवळी आदिवासी मुलगी रात्री पोलीस ठाण्यात जबाबाला आली होती आणि तिथेच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं १९७४मध्ये आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६मध्ये दोषी धरलं. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडून दिलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, तेव्हा ती निमूटपणे राजी होती, असा तो तर्क. मुलीचं नाव मी घेत नाही. वकिलीच्या पुस्तकात तो खटला तिच्या नावानं शिकवला जातो, पण या व्यासपीठावर त्याची गरज नाही.

१९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. नमणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या किंवा सरकारी माणसाच्या ताब्यात असताना संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालय ते गृहीत धरणार.

हे मी आत्ता का सांगते? कारण स्टँपवरचा तो अंगठा आठवतो. अठ्ठ्याहत्तर साली न्यायालयानं गप्प राहण्याला होकार म्हटलं होतं. आपण चावडीवर बसून आजही तेच म्हणतो. पाच पुरुषांच्या समोर, सासऱ्याच्या समोर, जिथे उद्या रात्री परत झोपायला जायचं आहे त्या माणसाच्या समोर बसलेल्या बाईला विचारायचं, ‘काय गं, मान्य आहे ना?’ ती मान खाली घालते. आपण लिहितो, मान्य.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. असा कागद तिला कोर्टात जायची बंदी घालू शकत नाही. कितीही शिक्के असू देत. बायांनो, तुमच्याकडे असा कागद असेल तर घाबरून फाडू नका, जपून ठेवा. तो आधीही मारहाण झाल्याचा पुरावा होतो. त्या प्लास्टरवाल्या बाईच्या अर्जाला मी तोच कागद जोडला.

तो अर्ज होता कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली. कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. त्यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे राहत्या घराचा हक्क. घर सासऱ्याच्या नावावर असो, भाड्याचं असो, जिथे ती नांदत होती तिथून तिला असं बाहेर काढता येत नाही. ‘टाकलेली’ हा आपल्या भाषेतला शब्द मला फार लागतो. भांडं टाकतात, चिंधी टाकतात. या कायद्यानं पहिल्यांदा म्हटलं की घरात राहणं हा तिचा अधिकार आहे, कुणाची मर्जी नाही. अर्ज माहेरच्या तालुक्यातही करता येतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. खरं सांगायचं तर साठ दिवसांत निकाल लागलेली प्रकरणं माझ्या हातून बोटांवर मोजण्याइतकी गेली. तारखा पडत राहतात. पण अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश लवकर मागता येतो, प्रसंगी समोरच्याला ऐकण्याआधीही. आणि तो मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पोलीस ठाण्यात गेलं की काय होतं, तेही बोलू. बहुतेक वेळा ‘एनसी’ घेतात, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिच्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, आणि बाईला वाटतं केस झाली. हातात कागद मिळाला की वाचून घ्या, नाहीतर वाचता येणाऱ्या कुणाला तरी बरोबर न्या. गुन्हा दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावाच लागतो, हद्दीचं कारण चालत नाही. जुलै २०२४पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत ते स्पष्ट लिहिलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आणि ठाण्यात एकटीनं बसायला भीती वाटत असेल तर महाराष्ट्रात ‘महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष’ आहेत. १९८४मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर पहिला कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण बसणारी व्यक्ती समाजकार्य शिकलेली. आधी ऐकते, मग विचारते की तुला काय हवं आहे. हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा तिथे विचारला गेला, असं मला कितीतरी जणींनी सांगितलं आहे.

वकिलाचे पैसे? बाईला लागत नाहीत. उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात बाई म्हटलं की मोफत वकील. आमची समिती कोर्टाच्या आवारातच असते. पण फुकट म्हणतानाही मला संकोच वाटतो, कारण एका तारखेला एसटीचं जाणं-येणं, बुडालेला रोज, लेकराला कुणाकडे ठेवायचं ही विवंचना, हे सगळं तिच्याच खिशातून जातं. त्या बाईनं अकरा तारखा केल्या. त्यातल्या सात तारखांना तिच्याबरोबर गावची आशाताई आली होती, स्वतःचं काम मागे टाकून.

जिथे पुरुषच न्यायनिवाडा करतात ती जागा बायांना नेहमी अवघडच जाते, माणसांना वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतीत तर फारच. त्यासाठी आपल्या राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण गावानं मनात आणलं तर कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड घ्या. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आणि बाटली आडवी करणाऱ्या बाया तर तुम्ही पाहिल्याच आहेत. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. त्या मतदानाला नवऱ्याच्या धमकीला न जुमानता आलेल्या म्हाताऱ्या मला अजून आठवतात.

हीच ग्रामसभा मारहाणीच्या बाबतीत काय करू शकते? माझं मागणं लहान आहे. अशी बाई तुमच्याकडे आली की बैठक बोलावू नका. तिला पाणी द्या, दवाखान्यात न्या, जखमेची नोंद करून घ्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला फोन लावा. नंतर कोर्टात साक्षीला उभे राहा. इथेच सगळं अडतं. मारताना पाहिलेली अर्धी आळी असते आणि साक्षीला कोणी येत नाही. त्या प्रकरणात शेजारची म्हातारी आली होती. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही काय पाहिलं? म्हणाली, “पाहिलं नाही साहेब, भिंत आहे मधे. ऐकलं. सहा वर्षं ऐकलं.”

त्या बाईला राहत्या घरातली एक खोली, स्वतंत्र दार आणि महिन्याचा खर्च असा आदेश मिळाला. ती आजही त्याच घरात राहते.

१५ ऑगस्टला तुमची ग्रामसभा आहे, आणि त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. सह्यांपुरती नाही, खरीखुरी. ग्रामसेवक भाऊ, विषयपत्रिकेत एक विषय लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे नळाला जाताना बायांची नजर पडते तिथे, संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन, विधी सेवेचा १५१००, महिला हेल्पलाइनचा १८१ आणि पोलिसांचा ११२ हे आकडे हातभर मोठे रंगवायचे. आकडे वाचता येणाऱ्या बाया तुमच्याकडे भरपूर आहेत, मोबाइलमुळे सगळ्यांनाच येतात. रंगाचा खर्च मी देते. सभेच्या दिवशी मी येते, आणि त्या दिवशी बाया पुढच्या रांगेत बसलेल्या असाव्यात, एवढं पाहा.