अर्जात नसलेली ताई

श्रोतेहो, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेचा सचिव. ऊसतोड कामगारांची आठवी ते बारावीतली मुलं, म्हणजे ज्या वयात शाळा हातची सुटते त्या वयातली, त्यांच्यासाठी आमची संध्याकाळची अभ्यासिका आहे. भाड्याच्या दोन खोल्या आणि मुलांचा अभ्यास घेणारी एक ताई. आम्ही विश्वस्त आपापली नोकरी, दुकान, शेती सांभाळून येणारे. सचिवाचं काम काय, तर निधीसाठी अर्ज लिहायचे. अकरा वर्षं लिहितोय. मंजूर झालेले एका हाताच्या बोटांवर मोजावेत, नामंजुरांनी मात्र एक बॉक्स फाइल भरलीय. आज ती तुमच्यापुढे उघडतो, कारण ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे सचिव बरेच असणार.

फाइलीत सगळ्यात खाली आमचा पहिला अर्ज आहे. त्यात ‘लाभार्थी संख्या’ या रकान्यात मी ठोकून दिलंय: ३५०. हा आकडा आला कुठून? एका आरोग्य शिबिराला आलेली मुलं धरली, त्यांची भावंडं धरली, वह्यावाटपाच्या दिवशी रांगेत उभी राहिलेली शेजारच्या वस्तीवरची पोरंही धरली. ज्या कंपनीकडं निधी मागितला होता, तिथल्या बाईंनी फोनवर एकच विचारलं, “रोज संध्याकाळी किती येतात?” मी म्हणालो, तीसेक. पलीकडे जरा वेळ काही आवाजच आला नाही. तो अर्ज तिथंच संपला. तीसच लिहिले असते तर कदाचित मिळाले असते.

दुसरा कागद बघून मला अजून लाज वाटते. आमचे अध्यक्ष वारले. त्यांच्या जागी नवे अध्यक्ष आले, सभा झाली, ठराव झाला, हारतुरे झाले. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा मात्र राहून गेला. कायद्यानं तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. आम्ही दोन वर्षं हललो नाही. मग एका कंपनीनं प्रस्ताव तत्त्वतः मान्य केला, कागदपत्रं मागवली, आणि शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आमचे दिवंगत अध्यक्ष अजून कारभार बघत होते. बँकेत सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. वकिलाची फी भरली, तारखा घेतल्या, तोवर कंपनीचं वर्ष संपलं. तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या संस्थेचा उतारा काढून नुसती नावं वाचा, एवढं माझ्यासाठी करा.

बाकीच्या कागदांचं थोडक्यात सांगतो. ट्रस्ट नोंदणी, पॅन, संस्थेला करमाफी आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या आयकराच्या नोंदणी (लोकांच्या तोंडी १२ए आणि ८०जी), तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांच्या नोंदणी पोर्टलचा क्रमांक. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकामावर खर्चायचा पैसा, हवा तर कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणीही लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. हे काम तुमचे सीए करून देतील. त्यांच्यामागे मार्चमध्ये लागू नका, जूनमध्ये लागा.

आता कंपनीच्या बाजूनं बघू. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम म्हणतं की ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल हजार कोटींची, किंवा नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) पाचशे कोटींचं, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे. न खर्चलेले पैसे कायद्यात नेमून दिलेल्या सरकारी निधीत भरावे लागतात. म्हणून जानेवारी उजाडला की यांची धावपळ सुरू होते आणि फोन येतो: “एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवता येईल का?”

आणि आमची पोरं तेव्हा असतात कुठं? दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन आईबाप ट्रकमध्ये बसतात, कोल्हापूर, सांगली नाहीतर थेट कर्नाटक. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सोबत जाते, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, स्वयंपाक करायला, धाकट्याला सांभाळायला. परत येतात ती पाडव्याच्या आसपास. म्हणजे पैसे खर्च करायचे महिने तेच, ज्यात निम्मी अभ्यासिका रिकामी. एका वर्षी ही गोम लपवायला आम्ही डिसेंबरची हजेरी गोल करून लिहिली होती. पुढच्या अर्जात खरी लिहिली: जुलैत ३१, डिसेंबरमध्ये १७. खाली एक ओळ घातली, की हे सतरा जण आजीपाशी मागे राहिले आणि त्यासाठी ताई सप्टेंबरपासून घरोघर बसत होती. त्या ओळीवर कंपनीच्या माणसानं माझ्याशी अर्धा तास बोलणं केलं. सीएसआरमध्ये ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झालेल्या कामाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या वर्षांत खर्चता येतात, हेही मला त्याच फोनवर कळलं. तुमचं काम हंगामावर चालत असेल, तर हा शब्द अर्जाच्या पहिल्या पानावर असू द्या.

आता ताई. आमच्या जुन्या अर्जांत ताई कुठं नव्हतीच. दप्तरं ४०, वह्यांचे संच ४०, टॅबलेट ६, बॅनर १. देणाऱ्याला वस्तू आवडतात, फोटो निघतो, असं आम्हाला कुणीतरी सांगितलेलं. टॅबलेट आले. त्याच महिन्यात ताईला दुसरीकडं पगाराचं काम मिळालं आणि ती गेली. सहा टॅबलेट कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडं, आणि मी दुकानात.

तेव्हा मी एका कागदावर खरा हिशेब मांडला. ताईचं मानधन महिना ९,०००, वर्षाचे १,०८,०००. खोल्यांचं भाडं ३०,०००. संध्याकाळी शेंगदाणे-गूळ नाहीतर केळी, पोरामागं दहा रुपये, तीस पोरं, महिन्याचे पंचवीस दिवस: वर्षाला ९०,०००. वीजबिल, ऑडिट, जाणं-येणं मिळून २२,०००. बेरीज अडीच लाख. एका मुलामागं महिन्याला सातशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. हा आकडा मलाच माहीत नव्हता, मग देणाऱ्याला कुठून कळणार?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, “पगार म्हणजे प्रशासकीय खर्च, तो पाच टक्क्यांवर चालत नाही.” नियम वाचा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, आणि प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यातून वगळलेला आहे. आमच्याकडं ताई म्हणजेच प्रकल्प. तेव्हा तिचं मानधन प्रकल्प खर्चात, पहिल्याच ओळीत लिहा.

गावातल्या कुणाचा तरी मुलगा अमेरिकेत असतोच आणि तो म्हणतो, काका, मी पाठवतो. त्याचं मन मोठं आहे, पण आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, परवानगीशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही. त्या नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात कामावर झालेला पंधरा लाखांचा खर्च लागतो. आमच्यासारख्यांना तो दरवाजा सध्या बंदच.

फोटोंचंही बोलायला हवं. “एखाद्या मुलीची करुण कहाणी, चेहऱ्यासकट” असं मागणारे भेटतात. आम्ही पाठमोरे फोटो देतो. नावं बदलतो, गाव लिहीत नाही. एक अर्ज त्यापायी गेला असावा, गेला तर गेला.

शेवटी प्रत्येक अर्जात तो प्रश्न असतो: निधी संपल्यावर प्रकल्प कसा चालेल? आपण सगळे डोळे मिटून लिहितो, ‘लोकसहभागातून’. गेल्या वर्षी मी लिहिलं: खोली आणि खाऊ गाव बघेल, तसं तिघांनी लिहून दिलंय, ताईचं मानधन गावाच्यानं होणार नाही. पंधरा दिवसांनी कंपनीकडून मेल आली. वाटलं, याच उत्तरावर बोट ठेवलं असणार. मेलमध्ये एकच शंका होती: “कार्यकर्तीचे मानधन रु. ९,००० दाखवले आहे. हे मासिक आहे की पंधरवड्याचे? कृपया खुलासा करावा.”

मी खुलासा केला. मासिक.

नमस्कार.